सुतकाचं पाणी

शॅरन मकासरेनं आयुष्यात पहिला लॅपटॉप फोडला तो स्वतःचाच. प्रोग्राममधली एक चूक सापडत नव्हती, आठवडाभर डोकं नुसतं पिकलं होतं. शेवटी तिनं तो लॅपटॉप उचलला आणि गोठ्याच्या भिंतीवर असा आदळला की आतल्या म्हशीनं दावं तोडलं. मग बाईसाहेबांनी तुकडे गोळा केले, बहिणीचा जुना लॅपटॉप मागून आणला आणि पुन्हा कामाला बसल्या. चूक तासाभरात सापडली. तेव्हापासून कातरवाडीत सांगायचे, मकासऱ्यांच्या पोरीचं काम अडलेलं दिसलं की जनावरं लांब बांधावीत.

ही पोरगी एकटीच एक कंपनी चालवायची. कंपनीचं नाव पाटपाणी. मालक तीच, प्रोग्रामर तीच, खांबावर चढून तारा जोडणारी तीच आणि तार चुकली की स्वतःलाच शिव्या घालणारी मुकादमही तीच. ऑफिस म्हणजे घरामागची पत्र्याची खोली, उन्हाळ्यात आत बसलं तर माणूस शिजून निघेल. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती इथं येऊन बसली तेव्हा चर्चमधल्या बायांनी तिच्या आईला, एंजेलाला, विचारलं, "पोरीचं काही बिनसलंय का?" एंजेला म्हणाली, "बिनसलंय कुठं? भिनलंय." आणि ते कशानं भिनलं हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

कातरवाडी नेवाशाच्या बाजूला, पाटाच्या एका चारीवर वसलेली. धरणातून पाणी सुटलं की चारीच्या शेपटाकडच्या शेतापासून सुरुवात करायची आणि एकेकाची पाळी संपवत वर यायचं, असा नियम. नियम कागदावर. चारीवर मात्र बळी तो कान पिळी. वरच्या अंगाला ज्यांचे मळे ते चारीवरचं पाण्याचं दार फिरवून पाणी आपल्याकडे ओढायचे, खालच्यांनी तोंड उघडलं की फावडी निघायची. सख्ख्या भावानं भावाच्या पायावर फावडं घातलेलं या चारीनं पाहिलंय. डोकं फुटलेला माणूस घरी आला की बायको विचारायची नाही कुणी मारलं, एवढंच विचारायची, पाणी मिळालं का?

शॅरनचा बाप इमॅन्युएल त्या चारीवर पाटकरी होता. दारांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. शांत माणूस, रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर बसणारा. एका उन्हाळ्यात वरच्या मळ्याच्या हनुमंततात्यांची माणसं त्याच्याकडं किल्ली मागायला आली. पाळी दुसऱ्याची होती. इमॅन्युएलनं किल्ली चारीत फेकून दिली. त्यांनी त्याचे दोन्ही हात दाराच्या दगडी चौकटीवर दाबून धरले आणि फावड्याच्या दांड्यानं मनगटं फोडली. एक झालं की दुसरं, सावकाश. लाकूड फोडावं तसं.

शॅरन तेव्हा नगरला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती दवाखान्यात पोचली तर बाप दोन्ही हात प्लॅस्टरात घालून बसलेला आणि आई त्याला चमच्यानं भात भरवत होती. "कोणी मारलं, पप्पा?" तर म्हणे, "पडलो." तिनं पाण्याचा तांब्या उचलून खिडकीवर फेकला, काच फुटली, नर्स ओरडत आली. बापाची हाडं पुढं जुळली, पण त्याला शर्टाची बटणं कधीच लावता आली नाहीत. रोज सकाळी एंजेला ती लावायची आणि रोज सकाळी शॅरनच्या मस्तकात तिडीक जायची. त्या तिडकीतून एकच विचार पक्का झाला. किल्ली ज्याच्या कमरेला, त्याचे हात मोडणारच. म्हणून किल्ली माणसाच्या हातातच नको. या चारीवर पुन्हा माणसाचं रक्त सांडू द्यायचं नाही.

चार वर्षं पुण्यात दुसऱ्यांचे प्रोग्राम लिहून ती परत आली ती हे डोक्यात घेऊन. प्रत्येक दारावर एक लोखंडी डबा, त्यात मोटार, सिमकार्ड, वर सोलरची पाटी. ज्याची पाळी, त्याच्या मोबाईलवर आकडे येणार. पंधरा मिनिटांत त्यानं ते टाकले की दार उघडणार, वेळ संपली की बंद होणार. नाही टाकले तर पाळी पुढच्याची. ऐकायला सोपं. करायला तिची दोन वर्षं गेली. मोटारी जळाल्या, उंदरांनी तारा खाल्ल्या, एकदा विजेचा असा झटका बसला की ती चारीच्या काठावर पालथी पडली आणि शुद्धीवर आल्यावर आधी डबा शाबूत आहे का ते बघितलं. पण पहिलं दार ज्या दिवशी कुणाचा हात न लागता, कुरकुरत, आपलं आपण वर सरकलं, त्या दिवशी ती पाण्यात उभी राहून ढसाढसा रडली. असलं वेड ज्याला लागलंय त्यालाच ते कळतं. बाकीच्यांना एक बाई चारीत उभी राहून रडताना दिसते.

हनुमंततात्यांना मात्र बरोबर कळलं. चार माणसं घेऊन ते पत्र्याच्या खोलीत आले.

"मकासरेबाई, चारी काय तुज्या बापाची हाय का?"

"नाही. तुमच्याही नाही," शॅरन म्हणाली.

"यंत्राला सांग, हनुमंताचं दार आधी. बाकी तुजं चालू दे."

"यंत्राला कान नाहीत, तात्या. म्हणून तर बनवलंय."

पुढचं बोलणं हातांनी झालं. त्यांनी लॅपटॉप पायाखाली तुडवला, टेबल उलटं केलं, डब्यांवर घण घातले. शॅरन एकाच्या दंडाला चावली आणि मांस तोंडात येईपर्यंत सोडलं नाही. तिला केसांना धरून दारापर्यंत फरफटत आणलं, तेव्हा तिच्या हाताला नटबोल्टांचा मोठा पान्हा लागला. तिनं तो फिरवला. हनुमंताच्या गड्याचं गळ्याजवळचं हाड कडकन मोडलं, तो आवाज बाहेर उभ्या असलेल्या एंजेलालाही ऐकू आला. दोन्हीकडून तक्रारी झाल्या, दोन्हीकडून मागं घेतल्या गेल्या. शॅरनच्या कपाळावर टाके पडले. तेव्हापासून पान्हा तिच्या स्कूटीच्या डिकीत असायचा, आणि गावाला ते ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर हा पान्हा तिला आवडायला लागला होता. बापाच्या मनगटांचं काहीतरी त्या कडकन आवाजात फिटल्यासारखं तिला वाटलं होतं. राग म्हणजे आपलं इंधन, असं ती मानायची. इंधनानं घरही पेटतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

शेपटाकडचे शेतकरी तिच्या बाजूनं उभे राहिले. सगळ्यात आधी अंगद. अगदी शेवटचं शेत त्याचं, वर्षानुवर्षं वाळलेली चारी बघायची सवय झालेला माणूस. "ताई, माज्या दारावर लाव आधी डबा. फोडला तर माजा फुटंल," असं म्हणून त्यानं स्वतः खड्डे खणले. मग त्याच्या शेजारचा आसाराम आला, मग गोरक्षनाथ, मग हळूहळू सगळी चारी. पाणी वापर संस्थेनं ठराव केला. हनुमंततात्यांनी दात ओठ खाल्ले, पण बहुमतापुढं सही केली.

पाण्याचं ते पहिलं आवर्तन रक्ताशिवाय गेलं. एक फावडं उचललं गेलं नाही. बाया चारीवर धुणं धुवायला निर्धास्त येऊ लागल्या. शॅरन रोज संध्याकाळी स्कूटीवर चारीच्या कडेनं चक्कर मारायची आणि प्रत्येक दारापाशी थांबून, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा, डब्यावरून हात फिरवायची. एवढी सुखी ती पुन्हा कधी झाली नाही.

एकच गोष्ट होती. यंत्रात सवलत नव्हती, कुणालाच नाही. लग्न असो, पाहुणे असोत, मोबाईल हरवलेला असो. आकडे दुसऱ्या माणसाच्या मोबाईलवर पाठवायचे तर ते संस्थेच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. दार उघडायची गुपित चावी तिनं स्वतःकडंही ठेवली नव्हती, आणि हे ती छाती ठोकून सांगायची. ज्याच्या हातात ती चावी असेल त्याचे हात लोक मोडतील, हे तिचं गणित.

इमॅन्युएलनं एकदाच तिला विचारलं होतं, "शॅरू, सुतकाच्या पाण्याचं काय केलंस?"

सुतकाचं पाणी ही या चारीची जुनी रीत. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरानं दहा दिवस पाण्याला, अवजाराला हात लावायचा नाही. त्यांची पाळी आली की पाटकऱ्यानं न विचारता दार उघडायचं आणि शेजाऱ्यानं त्यांच्या शेतात दारं धरायची, म्हणजे सरीतून सरीत पाणी वळवायचं. मकासऱ्यांच्या घरी सुतक पाळत नसत, पण हे दार इमॅन्युएल पहाटे जाऊन आधी उघडायचा. आणि ज्या चारीवर भाऊ भावाला सोडत नव्हता, तिथं सुतकाच्या पाण्याला कधी कुणी आडवं गेलं नाही. हनुमंतही नाही.

"नाही ठेवलं," शॅरन म्हणाली.

"तीस वर्षांत येकानंबी खोटं सुतक सांगितलं न्हाई, पोरी."

"कारण त्यांना मारामारी करून पाणी मिळत होतं, पप्पा. आता ती बंद झाली की सुतकं निघतील. तो हनुमंत दर महिन्याला एक चुलता मारील."

बाप हसला, आणि विषय तिथंच राहिला.

मग उन्हाळी कांद्याच्या दिवसांत आसाराम गेला. सकाळी छातीत कळ आली, दुपारी माणूस नाही. मागं बायको लंकाबाई आणि मुलगा आदिनाथ. मातीला सगळी चारी लोटली, शॅरनही गेली. लंकाबाई तिच्या गळ्यात पडून रडली. परतताना इमॅन्युएल म्हणाला, "त्येची पाळी परवा हाय. सावडायच्या दिवशीच. घरचे समदे नदीवर असतील. आकडे त्येच्याच मोबाईलवर येनार. काहीतरी कर."

"एकासाठी केलं की सगळ्यांसाठी करावं लागेल. पुढच्या आवर्तनात घेतील ते पाणी."

"कांदा थांबल का तवर?"

"नियम म्हणजे नियम, पप्पा!" ती एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यानं चाललेल्या बाया वळून बघायला लागल्या.

सावडायच्या दिवशी, ऊन चढताना, यंत्रानं मेलेल्या माणसाला आकडे पाठवले आणि पंधरा मिनिटं त्याची वाट पाहिली. मोबाईल घरात कपाटात बंद पडलेला. घरचे प्रवरेच्या काठावर. शेजारधर्म म्हणून अंगद मात्र फावडं घेऊन आसारामच्या कांद्यात केव्हाच उभा होता. दार उघडेना, तेव्हा त्यानं शॅरनला फोन केला. पुन्हा केला. तिनं उचलला नाही. पाळ्या चालू असताना ती कुणाचाच फोन उचलायची नाही, कारण त्या दिवशी येणारा प्रत्येक फोन सवलत मागायचाच असायचा. पाणी समोरून वाहत चाललेलं, कांद्याची पात पिवळी पडलेली, आणि ज्याच्या घरचं पाणी तो तर राख होऊन बसलेला. अंगदनं घरून पहार आणली.

शॅरनच्या मोबाईलवर धोक्याची घंटा वाजली. कुणीतरी शेपटाकडचा डबा फोडत होतं.

ज्याची तिला दोन वर्षं भीती होती आणि, खोटं कशाला बोला, ज्याची ती दोन वर्षं वाट बघत होती, ते झालं होतं. हनुमंतच. दुसरं कोण असणार? पूर्ण चारीभर स्कूटी तिनं अशी पळवली की वळणावर एकदा आडवी झाली, गुडघा सोलला, ते तिला कळलंही नाही. लांबूनच दिसलं. डोक्याला मुंडासं बांधलेला एक माणूस दारावर वाकून पहारीनं डबा उचकटत होता. पाण्याच्या आवाजात त्याला ती आलेली ऐकू गेली नाही. तिनं डिकीतून पान्हा काढला, दोन्ही हातांनी धरला आणि जीव एकवटून मागून हाणला.

पान्हा कानावर बसला. माणूस ओरडलासुद्धा नाही. गुडघ्यांवर बसला, मग एका कुशीवर कलंडून चारीत पडला. मुंडासं सुटून पाण्यावर आलं आणि त्याच्यामागून लाल रेघ वाहायला लागली. तिनं दुसऱ्यांदा पान्हा उचलला होता, तेवढ्यात त्यानं तोंड वळवलं.

"अंगददादा?"

कानातून रक्ताची धार लागली होती. डोळे कुठंतरी भलतीकडं बघत होते. ओठ हलत होते. ती पाण्यात उतरून त्याच्या तोंडाशी वाकली.

"आसारामभाऊचं पानी हाय गं," अंगद म्हणाला. "सुतकाचं. सोड की."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असं लोक नंतर म्हणाले. तिनं त्याला काखेत धरून वर ओढायला सुरुवात केली. तो तिला उचलेना. ती ओरडत राहिली, नुसती ओरडत राहिली, आणि नदीकडून परत येणारी एक जीप चारीच्या रस्त्यावर थांबली. जीप हनुमंततात्यांची. आसाराम त्यांच्या भावकीतला, सावडायला तेही गेले होते. मागं लंकाबाई आणि आदिनाथ बसलेले. हनुमंततात्या धोतरासकट पाण्यात उतरले, अंगदला एकट्यानं उचललं आणि जीपमध्ये लंकाबाईच्या मांडीवर त्याचं डोकं ठेवलं. मग वळून शॅरनकडं बघितलं. तिच्या हातात पान्हा अजून तसाच होता.

"आमी तरी तोंड बगून मारतो," ते म्हणाले.

जीप निघून गेली. आदिनाथ मागं राहिला होता, बांधावर, सुतकाचे हात छातीशी धरून. दार बंदच होतं. यंत्राच्या हिशेबानं पाळी आता गोरक्षनाथाची होती, आणि ते दार उघडायची सोय शॅरनकडंही नव्हती. तिनं पाण्यातून अंगदची पहार उचलली आणि स्वतःच्या डब्यावर घातली. एकदा, दोनदा, किती वेळा कोण जाणे. पत्रा फाटला, मोटार लोंबकळली, सोलरची पाटी फुटून काचा तिच्या दंडात घुसल्या. दार मोकळं झाल्यावर तिनं ते हातानं वर ओढलं आणि पाणी कांद्यात गेलं. मग अंगदचं फावडं घेऊन ती सरीसरीतून पाणी वळवत राहिली. तिच्या बाह्यांवरचं रक्त तिचं किती आणि अंगदचं किती, हे तिलाही सांगता आलं नसतं. शेवटची सरी भरेपर्यंत आदिनाथ तिथंच उभा होता.

तिथून ती तशीच, चिखलाच्या पायांनी, नगरच्या दवाखान्यात गेली. तिथल्या पोलिसाला म्हणाली, "मी मारलंय. मागून मारलंय. लिहून घ्या." अंगद आत होता. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, कानाचं सांगता येत नाही.

व्हरांड्यात अंगदची बायको दिपाली भिंतीला टेकून बसली होती. शॅरनला बघून ती उठली आणि तिनं फाडकन शॅरनच्या तोंडात मारली. मग दुसरी. तिसऱ्या चपराकीला शॅरनचा ओठ फाटला. आयुष्यात पहिल्यांदा शॅरननं हात उचलला नाही. तिच्यामागून आलेला इमॅन्युएल आपल्या वाकड्या मनगटांनी मध्ये पडायला धावला, तर तिनंच त्याला मागं सारलं.

"मारा अजून, दिपालीताई."

दिपालीचा हात वर गेला आणि तसाच राहिला. तिला धाप लागली होती.

"त्यानं कुनाचं काय घेतलं हुतं गं? मेलेल्याच्या घरचं पानी धराया गेल्ता."

"मला वाटलं हनुमंताचा माणूस..." शॅरन म्हणाली. "पाळी चुकली म्हणून यंत्रानं दार..."

"यंत्राचं नको सांगू मला," दिपाली म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "यंत्राला काय, आसारामभाऊ गेला हे ठावं न्हवतं. तू तर मातीला आली हुतीस."